शेऱ्यातली लाल अक्षरं

शनिवारी सकाळी इल्पोने मेल उघडला आणि पहिल्याच वाक्याला त्याच्या कपाळाला आठी पडली. उट्रेख्टच्या कुणा योरिसने लिहिलं होतं, ‘तुमच्या आइत्तामध्ये एक गंभीर भोक सापडलं आहे.’ अशी पत्रं महिन्याला चार यायची आणि त्यातली तीन उगाचची असायची. लोकांना उद्योग नसतो, दुसऱ्याच्या कोडात नाक खुपसत बसतात, असं इल्पोचं मत होतं आणि ते तो चारचौघांत बोलूनही दाखवायचा. माणूस वाईट नव्हता हो! पण एकोणीस वर्षं एखादी गोष्ट फुकट, आपल्या वेळात, आपल्या हाताने चालवली की माणसाला वाटायला लागतं, आपण चुकतच नाही.

आइत्ता म्हणजे फिनिश भाषेत कोठार; इल्पोने लिहिलेल्या प्रोग्रॅमचं ते नाव. ब्राउझरमध्ये उघडायचं, पासवर्ड टाकायचा, की डेटाबेसमधले सगळे तक्ते समोर हजर. नावं भरा, खोडा, तक्ते हलवा, काय वाटेल ते करा. मोठ्या कंपन्यांकडे यापेक्षा भारी हत्यारं असतात. आइत्ता वापरायचे ते चर्चमधले गाणारे, शाळा, गावोगावचे खेळाचे क्लब. अशा तीस हजार ठिकाणी इल्पोचं कोठार उभं होतं. तो फिनलंडमधल्या कुओपिओ शहराच्या पाणीपुरवठ्यात नोकरीला होता खरा, पण कुणी विचारलं तर आधी आइत्ताचंच सांगायचा.

योरिसने नुसती बडबड केली नव्हती, करून दाखवलं होतं. आइत्तामध्ये प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर एक शेरा लिहायची सोय होती. योरिसने त्या शेऱ्यात साध्या अक्षरांऐवजी ब्राउझरला कळेल असा हुकूम लिहिला. पानाने तो अक्षरं म्हणून नुसता दाखवायला हवा होता. दाखवलाच नाही, पाळला! आणि पाळला तोही पान उघडणाऱ्याच्या अधिकाराने. म्हणजे आज कमी अधिकाराच्या माणसाने शेरा लिहून ठेवायचा. उद्या सगळे अधिकार असलेला माणूस पान उघडणार, आणि त्याच्याच नावाने, त्याच्या नकळत, सगळी माहिती बाहेर जाणार. त्याने कुठे क्लिक करायला नको, काही नको. नुसतं पान उघडलं की झालं.

इल्पोने आपल्या मशीनवर करून पाहिलं. पान उघडलं आणि मधोमध एक छोटी चौकट टपकन वर आली. ‘नमस्कार, योरिसकडून.’

कोडाची प्रत्येक ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, कुणी खोडली, सगळं नोंदलेलं असतं. तिथे कुणाला काखा वर करता येत नाहीत. शेऱ्यातल्या हुकुमांचे दात काढून त्यांची साधी अक्षरं करणारी एक ओळ तिथे पूर्वी होती. सात वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये ती कुणीतरी काढून टाकली होती. कुणी, ते इल्पोने पाहिलं. त्याचंच नाव. आणि शेजारी त्याचीच टीप: ‘राइलीला लाल अक्षरं हवीत. शेऱ्यात रंग चालू केले.’

राइली त्याची थोरली बहीण. उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढला, निवृत्त झाली आणि कांगास क्लबची सदस्यनोंद सांभाळायला लागली. नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलात पळणाऱ्यांचा तो क्लब. तीही पळायची, साठी ओलांडली तरी. नोंदीचं काम इल्पोनेच तिला आइत्ता बसवून शिकवलं होतं. “अरे, ते शर्यतींचे निकाल भरणारे माझ्या तक्त्यांत हात घालतात,” ती एकदा म्हणाली होती. “वर लाल, ठळक अक्षरांत ‘हात लावू नका’ असं येईल का रे? स्वयंपाकघरात गरम ट्रेवर लावायचे तसं?” इल्पोने कॉफी निवायच्या आत ती ओळ काढली होती. बहिणीचं काम पाच मिनिटांत केलं म्हणून खूशही झाला होता.

आता हे वाचताना त्याला यंदाचा फेब्रुवारी आठवला.

फेब्रुवारीत कांगास क्लबच्या तीनशे बारा सदस्यांची नावं, पत्ते, फोन, मुलांच्या शाळा, सगळं इंटरनेटवर कुठल्याशा भिकार जागी जाऊन पडलं होतं. त्यात मिन्तूचाही पत्ता होता. मिन्तू म्हणजे दोन मुलींना घेऊन मारकुट्या नवऱ्यापासून लपून राहणारी बाई. सरकारदरबारीसुद्धा तिचा पत्ता झाकलेला होता. आठवड्याभरात तो नवरा तिच्या दाराशी येऊन उभा राहिला. जिवावरचं निभावलं, पण मिन्तूने मुलींना उचललं आणि गावच सोडलं.

मग क्लबची वार्षिक बैठक झाली. कॉफी आणि वेलदोड्याच्या पावाभोवती चाळीस माणसं, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. अध्यक्षांनी इल्पोलाच विचारलं, तू जाणकार, तू सांग. इल्पोने सांगितलं. “आइत्तामध्ये काही खोट नाही. राइलीने कुठल्यातरी मेलमधल्या लिंकवर क्लिक केलं असणार. होतं असं, या वयात होतं.” शेवटचं वाक्य त्याने दयाळूपणाने घातलं होतं! राइली उठून उभी राहिली. “झालं असेल,” म्हणाली. क्लबघराच्या किल्ल्या तिने टेबलावर ठेवल्या, कोट घातला आणि निघून गेली. त्यानंतर ती जंगलात पळायला गेलेली नव्हती.

कांगासचा डेटाबेस इल्पोला उघडता येत होता, त्यानेच तर बसवला होता. आइत्तामधून उघडायची त्याची छाती झाली नाही. काळ्या पडद्यावर, नुसत्या अक्षरांत त्याने शेरा मागवला. ‘हात लावू नका’ आलं, त्याच्या भोवतीची लाल रंगाची खूण आली, आणि त्यामागे माहिती बाहेर पाठवायच्या हुकुमाच्या दोन ओळी आल्या. त्या राइलीच्या नव्हत्या. निकाल भरायच्या खात्यावरून कुणीतरी लिहिल्या होत्या. त्या खात्याचा पासवर्ड क्लबघराच्या फळ्यावर, कॉफी कुणी आणायची त्या यादीशेजारी, टाचणीने लावलेला असायचा. कुणीही यावं, वाचावं.

राइलीने काही केलंच नव्हतं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिने आपलं पान उघडलं होतं, एवढंच.

यापुढे आणखी काही नसतं तरी पुरे होतं. पण इल्पोला आठवत होतं की हे कुणीतरी पूर्वी आपल्याला सांगितलं होतं. त्याने जुन्या तक्रारी चाळल्या. सापडली. क्रमांक चारशे बारा, सहा वर्षांपूर्वीची. औलूच्या इन्केरी नावाच्या एका विद्यार्थिनीने अगदी अदबीने लिहिलं होतं की शेऱ्यातले रंग धोक्याचे आहेत, आणि सोबत सहा ओळींची दुरुस्तीही जोडली होती. खाली इल्पोचं उत्तर होतं: ‘ज्याच्याकडे कोठाराची किल्ली आहे तो खिडकीतून कशाला चोरी करेल? आधी नवशिक्यांचं एखादं पुस्तक वाचा, मग आम्हाला शिकवायला या.’ त्या उत्तराला सतरा जणांनी हसरे चेहरे दिले होते. इन्केरीने त्यावर दोनच शब्द लिहिले होते, ‘ठीक आहे.’ मग इल्पोने चर्चेला कुलूप घातलं होतं.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कान तापले. खोलीत कुणी नव्हतं, तरी त्याने मागे वळून पाहिलं. आणि मग त्याने काय केलं, ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगायला हवं. तक्रार कायमची पुसून टाकायचं बटण फक्त मालकाला दिसतं. इल्पो त्या बटणापर्यंत गेला.

फोन वाजला. मेर्वीचा. मेर्वी तांपेरेला राहायची. आइत्ताची नवी आवृत्ती तपासून बाहेर सोडायचं काम बारा वर्षं तिच्याकडे होतं, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं.

“योरिसचं वाचलंस?” तिने विचारलं.

“वाचलं.”

“खरं आहे ना?”

“खरं आहे.”

“आणि चारशे बारा?”

इल्पोने माउसवरचा हात काढला.

“मूग गिळून बसू नकोस, मी आत्ताच वाचून आले,” मेर्वी म्हणाली. “पुसायचा विचार असेल तर विसर, मी प्रत काढून ठेवली आहे. सतरा हसरे चेहरे मोजले मी. त्यातला एक माझा आहे.”



“मेर्वी, राइलीचा क्लब…” इल्पोने सुरुवात केली आणि सगळं सांगून टाकलं. बैठकीत आपण काय म्हणालो तेही.

“अरे देवा,” मेर्वी म्हणाली. “या वयात होतं, असं म्हणालास? तिला? सगळ्यांसमोर?”

“हो.”

“शहाणा आहेस! आता ऐक. आधी भोक बुजव. एकट्या शेऱ्यापुरतं नको, जिथे जिथे माणसाने लिहिलेलं काही आपण पानावर दाखवतो ती प्रत्येक जागा तपासायची. मंगळवारी दुपारी बाराला आवृत्ती सोडू. तोवर बाहेर अवाक्षर नाही. तीस हजार कोठारं उघडी आहेत, एकाला कळलं की सगळ्यांना कळेल.”

“राइलीलाही नाही सांगायचं?”

“नियम तू लिहिलायस, मला काय विचारतोस?”

खरं म्हणजे राइली काही तीस हजार कोठारं फोडायला निघाली नसती. इल्पोला ते कळत होतं. पण नियमाच्या आड उभं राहायला जागा मिळाली म्हणून त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची परत लाज वाटली.

शनिवारी दुपारी चारला राइलीकडे वाफाऱ्याचा सौना तापायचा. आईवडील असल्यापासूनचा रिवाज होता तो. बैठकीनंतरही तिने तो मोडला नव्हता. इल्पो गेला. न जाऊन सांगतो कुणाला? काल्लावेसी तळ्यावरचा बर्फ काठाकाठाने काळा पडला होता. आधी राइली न्हाऊन आली, मग तो. मग दोघं ओल्या केसांनी स्वयंपाकघरात बसली. तिने सॉसेज कापून ठेवली होती, मोहरीच्या चटणीची नळी मधोमध होती.

“साहेब, एक काम आहे,” राइली म्हणाली. तो शाळेत पहिला आला तेव्हापासून ती त्याला चिडवायला साहेब म्हणायची. तिने खणातून एक कागद काढला. “मिन्तूला पत्र लिहिलंय. सोमवारी टाकणार आहे, तिच्या वकीलबाईंकडून तिला पोचेल. तेवढं वाचून दे. तुमच्या कॉम्प्युटरातलं काही चुकीचं लिहायला नको.”

इल्पोने कागद घेतला. राइलीचं अक्षर गोल, शाळेच्या फळ्यावर रोजचा मेनू लिहून लिहून झालेलं.

‘प्रिय मिन्तू, तुझा पत्ता माझ्याकडे विश्वासाने होता. माझ्या हातून चुकीच्या ठिकाणी क्लिक झालं आणि तो बाहेर गेला. कुठे आणि कधी, ते मला आजही आठवत नाही, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मुलींना शाळा बदलावी लागली, हे मी कधीही विसरणार नाही. माफ कर असं म्हणायचा मला हक्क नाही.’

इल्पोने ते दोनदा वाचलं. आत्ता, या क्षणी, तोंड उघडायचं, एवढंच काम होतं. राइली, तू काही केलं नाहीस. एका श्वासात संपलं असतं. त्याने तोंड उघडलंही.

“इथे,” तो म्हणाला, “इथे एक शब्द घाल.” आणि तिचं पेन घेऊन त्याने ‘माझ्या हातून’च्या आधी वरच्या बाजूला लिहिलं, ‘कदाचित’.

राइलीने वाकून पाहिलं. “कदाचित कशाला?”

“नाही म्हणजे… पूर्ण खात्री कुणालाच देता येत नाही.”

“तू तर दिली होतीस,” ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. “नाही रे, असं कदाचित घातलं की पळवाट काढल्यासारखं दिसतं. त्या बाईला कशाला अर्धवट माफी द्यायची?” आणि तिने तो शब्द नीट, सरळ रेघ मारून खोडला. “बाकी बरं आहे?”

“बरं आहे,” इल्पो म्हणाला.

मोहरीची दुसरी नळी आहे का ते बघायला राइली उठली. 

रविवारी दिवसभर त्याने आणि मेर्वीने कोड पिंजून काढला. शेऱ्याची एक जागा निघाली होती, तिच्यात आणखी अकरांची भर पडली. तक्त्याचं नाव, रकान्याचं नाव, चूक झाली की येणारी सूचना, आवडत्या शोधांची यादी, सगळीकडे तीच बेफिकिरी. ‘आत आलेला माणूस आपलाच’ असं धरून इल्पोने आयुष्यभर लिहिलं होतं. दुरुस्ती अवघड नव्हती. प्रत्येक ठिकाणी एक ओळ घालायची, बस्स. इतकं सोपं होतं की त्याला रडू यायचं. शेऱ्यासाठी त्याने इन्केरीच्याच सहा ओळी घेतल्या. सहा वर्षांनीसुद्धा त्या जशाच्या तशा बसल्या, एक अक्षर बदलावं लागलं नाही. लाल रंग मात्र गेला.

दुरुस्तीबरोबर एक जाहीर निवेदन काढायची कोड लिहिणाऱ्या लोकांत पद्धत असते. दोष काय, धोका काय, आणि शेवटी एक ओळ: दोष कुणी शोधला. त्या एका ओळीसाठी पोरं रात्रीचा दिवस करतात, पुढे नोकऱ्या लागतात त्यावर. इल्पोने योरिसचं नाव लिहिलं. मग त्याच्या वर इन्केरीचं लिहिलं, सहा वर्षांपूर्वीच्या तारखेसह. पण विचारल्याशिवाय कसं घालायचं? त्याने जुन्या पत्त्यावर मेल पाठवला. चार वेळा लिहून खोडला, शेवटी तीन ओळी राहिल्या. तुम्ही बरोबर होता. मी तुमचा अपमान केला. तुमचं नाव घालायची परवानगी द्याल का?

उत्तर सोमवारी आलं. ‘आता मी औलूच्या इस्पितळात एक्स-रे काढते, कोड लिहायचं केव्हाच सोडलं. नाव घाला. आणि तुमचं ते उत्तर पुसू नका. मी बरेच दिवस धरून चालले होते की मूर्ख मीच. तिथे ते असू दे, म्हणजे कुणाला तरी दिसेल की तसं नव्हतं.’

मंगळवारी बाराला मेर्वीने आवृत्ती सोडली. निवेदनात इल्पोने सगळं लिहिलं होतं: ओळ आपण काढली, इशारा आपण झिडकारला, एका क्लबची माहिती त्यामुळे गेली आणि त्याचा दोष एका निरपराध बाईवर ठेवला तोही आपणच. मेर्वीने फोनवर विचारलं, “इतकं लिहायलाच हवं?” आणि तिनेच उत्तर दिलं, “हवं.” इल्पोने पाणीपुरवठ्यातून अर्धी रजा टाकली आणि गाडी काढली.

राइली दारातल्या बर्फाच्या चिखलावर खडी टाकत होती. “मंगळवारी?” ती म्हणाली. “कोण मेलं?”

“कुणी नाही. आत चल. पत्र टाकलंस?”

“काल सकाळीच. का?”

स्वयंपाकघरात तो उभाच राहिला, बसलाच नाही. सगळं सांगितलं. योरिस, शेरा, लाल रंगामागच्या दोन ओळी, फळ्यावरचा पासवर्ड. “तू क्लिक केलं नाहीस, राइली. काहीच केलं नाहीस. पान उघडलंस फक्त. माझ्या कोडातून गेलं ते. आणि सहा वर्षांपूर्वी एका मुलीने मला सांगितलं होतं, मी तिला हसलो.”

राइली ऐकत होती. खडीची बादली अजून हातातच होती. ती म्हणाली, “पण लाल अक्षरं मीच मागितली होती ना?”

इल्पोला हे अपेक्षित नव्हतं. शिव्या घालेल, रडेल, घराबाहेर काढेल, सगळ्याची तयारी करून तो आला होता.

“ती ओळ तू माझ्यासाठी काढलीस,” ती म्हणाली. “म्हणजे फिरून माझ्यावरच येतं ते.”

“नाही! नाही येत!” इल्पो ओरडलाच. “तू रंग मागितलास. रंग देण्याचे शंभर मार्ग होते. सोपा आणि चुकीचा मी घेतला. तुझं काहीही नाही यात. आता हे तरी माझ्याकडे राहू दे, राइली, हात जोडतो.”

राइलीने बादली खाली ठेवली. खुर्ची ओढून बसली. ती रडली नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं.

“कधी कळलं तुला?”

या प्रश्नालाच तो घाबरत होता. खोटं बोलता आलं असतं. आज दुपारी, म्हणता आलं असतं.

“शनिवारी. सकाळी.”

“सकाळी,” ती म्हणाली. “म्हणजे पत्र वाचलंस तेव्हा ठाऊक होतं.”

“हो.”

“म्हणून ते कदाचित.”

“हो.”

“आणि मी खोडलं, तरी गप्प बसलास.”

इल्पोची मान खाली गेली. नियम, मंगळवार, तीस हजार कोठारं, सगळं जिभेवर आलं होतं. त्यातलं काहीएक त्याने बाहेर काढलं नाही. सौन्यातून घामाघूम होऊन यावं तसा त्याचा चेहरा भिजला होता आणि तो पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

राइली उठली. खण उघडला, कोरा कागद काढला, तेच पेन काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

“मिन्तूला लिही,” ती म्हणाली. “तुझ्या नावाने. मग क्लबातल्या चाळीस जणांना लिही. मी इथे बसते, झालं की तपासून देते.”

इल्पोने पेन उचललं.

“आणि कुठेही कदाचित घालू नकोस,” राइली म्हणाली.